परदेशवारी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळच्या पत्रांतली अडचण बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. काय पाहायचे याची यादी तयार असते, पण त्या जागेचे स्वतःचे वेळापत्रक कुणी विचारात घेतलेले नसते. म्हणून उत्तरांमध्ये वेळा, क्रम आणि त्यांमागची कारणे जास्त आली आहेत. दर आणि वेळा अधूनमधून बदलतात. निघण्याच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळावर ताडून घ्याव्यात.

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही चौघे कंबोडियाला जात आहोत. मुले १० आणि १४ वर्षांची आहेत. सिएम रीपला एक संध्याकाळ आणि पुढचे तीन दिवस मिळतील. टूरवाल्यांनी पहिल्याच पहाटे अंगकोर वाटचा सूर्योदय आणि त्याच दिवशी आणखी पाच मंदिरे असा बेत दिला आहे. समुद्रमंथनाचे शिल्प आम्हाला नीट बघायचे आहे. हा बेत ठीक आहे का? – एक वाचक, पुणे

बेत दमछाक करणारा आहे आणि त्याचा क्रमही बदलायला हवा.

आधी तिकीट. एक दिवसाचे ३७, तीन दिवसांचे ६२ आणि सात दिवसांचे ७२ डॉलर असे दर आहेत. तीन दिवसांचे तिकीट सलग वापरावे लागत नाही, दहा दिवसांत कोणतेही तीन दिवस चालते. १२ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ लागतो. तिकिटावर तुमचा फोटो छापलेला असतो आणि जवळपास प्रत्येक मंदिराच्या दाराशी तो तपासला जातो. त्यामुळे दुसऱ्याचे उरलेले तिकीट स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडून ते घेऊ नये. अधिकृत तिकीटघरात किंवा संकेतस्थळावरच खरेदी करा. संध्याकाळी ५ नंतर घेतलेले तिकीट दुसऱ्या दिवसापासून मोजतात, पण त्याच संध्याकाळी सूर्यास्तासाठी आत सोडतात. तुमच्या पहिल्या संध्याकाळचा उपयोग हाच. सूर्यास्ताला सगळे नोम बाखेंगच्या टेकडीवर जातात आणि तिथे एका वेळी ३०० जणांनाच वर सोडतात. प्रे रूपचे मंदिरही ७ वाजेपर्यंत उघडे असते आणि तिथे गर्दी बरीच कमी. फक्त नवे विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे, तिथून यायला तास धरा. विमान चारनंतर उतरणार असेल तर सूर्यास्त विसरून जा.

आता अंगकोर वाट. बहुसंख्य मंदिरे पूर्वाभिमुख असतात, हे पश्चिमाभिमुख आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने ते विष्णूसाठी बांधले. तोंड पश्चिमेला असल्यामुळे सूर्य शिखरांच्या मागून उगवतो. पहाटे दिसते ती काळी बाह्यरेखा. मंदिराच्या दर्शनी भागावर खरे ऊन पडते ते दुपारनंतर. सूर्य मधल्या शिखराच्या नेमका मागून वर येतो तो मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास. डिसेंबरमध्ये तो बराच उजवीकडे, दक्षिणेला उगवतो. म्हणून मंदिराकडे तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला जे तळे आहे त्याच्या काठी थांबा. तिथून शिखरे आणि सूर्य एका चौकटीत येतात. दार पहाटे ५ ला उघडते. काठावरची पहिली रांग हवी असेल तर दाराशी पावणेपाचलाच पोहोचलेले असावे. तळ्यापर्यंतच्या फरसबंदीवर अंधार असतो, बॅटरी हवी.

सूर्योदयानंतर निम्मी गर्दी नाश्त्याला परत फिरते आणि उरलेली समोरच्या दाराने आत शिरते. तुम्ही तिथे न रेंगाळता थेट मागच्या, म्हणजे पूर्वेच्या ओवरीत जा. समुद्रमंथन तिथे दक्षिण अंगाला आहे. सुमारे ४९ मीटर लांबीची ही सलग शिल्पपट्टी : मध्ये विष्णू, एका बाजूला ९२ दैत्य आणि दुसऱ्या बाजूला ८८ देव, सगळे वासुकी ओढताना. सकाळचे पूर्वेचे ऊन खांबांमधून तिरपे आत येते आणि उथळ कोरीवकाम उठून दिसते. दुपारी हीच भिंत सपाट आणि करडी वाटते. पश्चिमेच्या ओवरीत याच्या उलट. कुरुक्षेत्राचे युद्ध (दारातून शिरल्यावर उजवीकडे) आणि लंकेचे युद्ध (डावीकडे) ही दोन्ही दुपारी ३ नंतर पाहावीत. शरपंजरी भीष्म आणि हनुमानाच्या खांद्यावर उभा राहून बाण मारणारा राम मुलांना शोधायला सांगा. ती दोन शिल्पे शोधता शोधता बाकीची भिंत आपोआप बघून होते.

एक गोष्ट आपल्या सवयीच्या विरुद्ध आहे. इथल्या शिल्पांचा क्रम उजवी प्रदक्षिणा घालून लागत नाही, मंदिर डाव्या हाताला ठेवून अपसव्य चालावे लागते. यावरून आणि पश्चिमेच्या तोंडावरून काही अभ्यासक हे राजाचे स्मृतिमंदिर असावे असे मानतात.

सर्वांत वरचा मजला म्हणजे बाकान. एका वेळी १०० जण, खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे, १२ वर्षांखालच्या मुलांना बंदी. बिनबाह्यांच्या कपड्यांवर ओढणी घेतलेली चालत नाही, पायऱ्यांवरून परत पाठवतात. म्हणजे तुम्हा दोघांना आळीपाळीने जावे लागेल, धाकट्याबरोबर एकाने खाली थांबायचे. बौद्ध पवित्र दिवशी बाकान बंद असते. हे दिवस साधारण दोन्ही पक्षांतली अष्टमी, पौर्णिमा आणि अमावास्या असतात. घरच्या कॅलेंडरवर तारखा पाहून ठेवा, ख्मेर पंचांगात एखादा दिवस मागेपुढे होतो.

म्हणून क्रम असा : पहिला पूर्ण दिवस बायोन, अंगकोर थोम आणि ता प्रोम. ता प्रोमच्या डागडुजीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा मोठा वाटा आहे, तो कुठे झाला याचे फलक तिथे दिसतील. दुसऱ्या दिवशी अंगकोर वाट, सकाळी ५ ते १० आणि पुन्हा दुपारी ३ ते ५. मधले तास हॉटेलवर झोप. तिसऱ्या दिवशी बान्ते स्रेई. हे इ. स. ९६७ चे शिवमंदिर शहरापासून तासाभरावर आहे. आकाराने लहान, पण गुलाबी वालुकाश्मात इतके खोल आणि बारीक कोरीवकाम अंगकोरमध्ये दुसरीकडे नाही. कैलास हलवणारा रावण वेरूळला पाहिला असेल तर इथला जरूर पाहा. वेळ कमी पडला तर बाकीचे काहीही गाळा, हे गाळू नका.

डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. कोपरा जरा फाटलेली नोटही दुकानदार घेत नाहीत. शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, माशाचे पाणी आणि माशाची आंबवलेली चटणी भाजीतही असते. ही दोन्ही नकोत, असे स्पष्ट सांगा.

प्रश्न : सासूबाई ६८ आणि सासरे ७२ वर्षांचे आहेत. त्यांना मुक्तिनाथ घडवायचे आहे. सासऱ्यांना रक्तदाब आहे, गोळी चालू आहे. पोखऱ्याहून जीपने एका दिवसात जाऊन वर मुक्काम करावा, असे एजंट म्हणतो. १०८ धारांखाली स्नान केलेच पाहिजे का? – सौ., सातारा

एका दिवसात वर जाऊन तिथेच झोपणे, एवढे टाळा. यात्रेत त्रास होतो तो बहुतेक याच एका निर्णयामुळे.

पोखरा साधारण ८२० मीटरवर, मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशांहूनही कमी असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. विरळ हवेचा त्रास पोहोचल्याबरोबर होत नाही. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे साधारण ६ ते १२ तासांनी येतात. म्हणून लोक दुपारी दर्शन घेऊन ‘काही होत नाही’ म्हणतात आणि मध्यरात्री, डॉक्टर हाताशी नसताना, आजारी पडतात. झोपेत श्वास उथळ होतो, त्याने भर पडते.

त्यांच्यासाठी मार्ग असा ठेवा : पोखरा ते तातोपानी (सुमारे १,२०० मीटर) पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी मार्फा किंवा जोमसोम (सुमारे २,७०० मीटर), तिथे दोन रात्री. त्यांतल्या मधल्या दिवशी सकाळी वर जाऊन दर्शन घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत खाली यायचे. जोमसोमहून राणीपौवा हे वरचे गाव जीपने दीड तासावर आहे. तिथून मंदिरापर्यंत चढ आणि पायऱ्या, सावकाश गेल्यास अर्धा-पाऊण तास. घोडा मिळतो, पण ज्यांना घोड्यावर बसायची सवय नाही अशा वयस्करांना उतारावर पडण्याचा धोका चालण्यापेक्षा जास्त. वर जाताना घोडा आणि येताना पायी, हे बरे.

पोखरा–जोमसोम विमान वीस मिनिटांत नेते, पण ते सकाळीच उडते. काली गंडकीच्या दरीत दुपारच्या सुमारास जोराचा वारा सुटतो आणि उड्डाणे बंद होतात. सकाळी ढग असले तर त्या दिवसाचे विमान गेलेच समजा. म्हणून परतीच्या पुढच्या प्रवासाआधी एक मोकळा दिवस हवा. जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रस्त्यावर दरडी कोसळतात. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर–नोव्हेंबर हा काळ चांगला.

सासऱ्यांच्या डॉक्टरांना ‘३,७०० मीटरवर जाणार’ असे आकड्यासह सांगा आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा विचारून घ्या. उंचीसाठीची गोळी, म्हणजे अॅसिटाझोलामाइड, लघवीचे प्रमाण वाढवते. रक्तदाबाची गोळीही तशीच असेल तर दोन्ही एकत्र घ्यायच्या का, हे डॉक्टरच ठरवतील. परस्पर दुकानातून आणून देऊ नका. डोके दुखू लागले तर झोपेची गोळी मुळीच नको. दुखणे वाढले, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचे. पाचशे मीटर उतरल्यानेही मोठा फरक पडतो.

स्नानाबद्दल : मंदिरामागच्या अर्धवर्तुळाकार भिंतीत १०८ गोमुखांतून पाणी पडते आणि समोर दोन कुंडे आहेत. आधी धारा, मग कुंडे, मग दर्शन असा प्रघात आहे. पाणी हिमालयातले, बर्फासारखे. थंड पाणी एकदम अंगावर पडले की रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब झटक्यात चढतो. सासऱ्यांनी तर स्नान करूच नये. प्रत्येक धारेचे पाणी बोटांनी घेऊन डोक्याला लावत पुढे सरकणारे यात्रेकरू तिथे पुष्कळ असतात आणि त्याला कुणीही कमी लेखत नाही. सासूबाईंना स्नान करायचेच असेल तर आधी हातपाय ओले करावेत, कोरडे लोकरी कपडे हाताशी असावेत आणि ओलेत्याने दर्शनाच्या रांगेत उभे राहू नये. वारा तिथे फार बोचरा असतो.

हे क्षेत्र वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी आहे आणि तिबेटी बौद्धांचेही. गर्भगृहाची व्यवस्था बौद्ध भिक्षुणी पाहतात. जवळच ज्वालामाईच्या मंदिरात नैसर्गिक वायूची ज्योत पाण्याशेजारी तेवते, ती बघायला विसरू नका. पितरांसाठी काही करायचे असेल तर ते वर नव्हे, वाटेतल्या कागबेनीला, नदीच्या संगमावर करतात.

कागदपत्रे : विमानाने नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, नुसते आधार चालत नाही. १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील भारतीयांना आधारवर जाता येते. म्हणजे सासू-सासऱ्यांचे भागेल, तुमचे भागणार नाही. विमानतळावरून परत यावे लागते ते नेमके बरोबरच्या मुला-सुनेला. अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा परवानाही लागतो, सार्क देशांच्या नागरिकांना तो १,००० नेपाळी रुपयांना मिळतो.

प्रश्न : जावामध्ये बोरोबुदूर आणि प्रंबानन एका दिवसात होतील का? आमच्याकडे सोमवार मोकळा आहे. – वाचक, ठाणे

सोमवार बदला. बोरोबुदूरवर सोमवारी चढू देत नाहीत.

बोरोबुदूर या बौद्ध स्तूपाची दोन तिकिटे आहेत : एक आवारापुरते, दुसरे वर चढण्याचे. चढायला दिवसाला सुमारे १,२०० जणांनाच परवानगी, ठरावीक वेळेचे गट, बरोबर मार्गदर्शक. हजारो बुटांनी पायऱ्यांचा ज्वालामुखी दगड झिजून खोलगट झाला, म्हणून हे निर्बंध आले. आपली पादत्राणे काढून केतकीच्या जातीच्या पानांची विणलेली ‘उपानत’ चप्पल घालावी लागते. ती तिकिटातच मिळते. शाळांच्या सुट्ट्यांत चढण्याची तिकिटे आधीच संपतात. दारात गेल्यावर आवाराचेच तिकीट उरलेले असते, ही तिथली नेहमीची निराशा.

वर मिळणारा वेळ तासाच्या आसपास आणि कथाशिल्पे १,४६०. मार्गदर्शक तुम्हाला सरळ वरच्या ७२ जाळीदार स्तूपांकडे नेतो. सुरुवातीलाच सांगा की पहिल्या ओवरीत, पूर्वेच्या जिन्यापासून डावीकडे वळून, आतल्या भिंतीवरची वरची रांग पाहायची आहे. त्या १२० शिल्पांत ललितविस्तर या बौद्ध ग्रंथानुसार बुद्धाचे चरित्र आहे. इथे मात्र स्तूप उजव्या हाताला, नेहमीची प्रदक्षिणा. उतरल्यावर आग्नेय कोपरा पाहा. मूळ पायथ्याची झाकलेली शिल्पे तिथे थोडी उघडी ठेवली आहेत.

प्रंबाननला नवव्या शतकातले ४७ मीटर उंच शिवमंदिर मध्ये, दक्षिणेला ब्रह्मा, उत्तरेला विष्णू. शिवाच्या गाभाऱ्याखेरीज बाकी तीन दिशांना तीन दालने आहेत : दक्षिणेला अगस्ती, पश्चिमेला गणेश, उत्तरेला महिषासुरमर्दिनी. आत मिट्ट काळोख असतो, मोबाइलची बॅटरी चालू ठेवा. रामायण शिवमंदिराच्या कठड्याच्या आतल्या अंगाला पूर्वेपासून सुरू होते, सेतूपर्यंत येते आणि पुढची कथा ब्रह्मदेवाच्या मंदिरावर जाते. हे न कळल्याने बरेच जण लंकाकांड न बघताच परत फिरतात.

दोन्ही ठिकाणे जोग्यकार्ताच्या विरुद्ध दिशांना, एक ४० तर दुसरे १७ किलोमीटरवर. एका दिवसात होतील : बोरोबुदूरचा पहिला गट सकाळी, दुपारी ३ पासून प्रंबानन. पण दोन दिवस असतील तर दोन द्या. मे ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत ठरावीक संध्याकाळी प्रंबाननच्या पार्श्वभूमीवर उघड्या रंगमंचावर रामायण-नृत्य होते. तारखा पाहून मुक्काम ठरवा.

प्रश्न : श्रीलंकेत सिगिरियाच्या पायऱ्या गुडघेदुखी असलेल्यांना झेपतील का? तिथे माश्या चावतात म्हणे, ते खरे आहे का? – निवृत्त शिक्षिका, नागपूर

दोन्ही प्रश्नांचे उत्तर जपून द्यावे लागेल. खडकावरच्या या प्राचीन किल्ल्याला सुमारे १,२०० पायऱ्या आहेत आणि वरचा टप्पा लोखंडी जिन्यांचा. गुडघा चढताना दुखत असेल तर सिंहाच्या पंजांच्या चौथऱ्यापर्यंत जा आणि थांबा. भित्तिचित्रे त्याच्या आधीच लागतात, म्हणजे पाहण्यासारखे बरेचसे हाती येते. गुडघा उतरताना दुखत असेल तर तिथपर्यंतही जाऊ नका, खालच्या पाण्याच्या बागा फिरा. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाच्या त्या बागांतली कारंजी जोराच्या पावसात आजही उडतात. भित्तिचित्रांचे फोटो काढायला मनाई आहे.

माश्यांचे खरे आहे. खडकाच्या कपारींना आग्या मोहोळे लटकलेली असतात. आरडाओरडा, धूर आणि अंगावरचे तीव्र अत्तर यांनी त्या उठतात, म्हणून ‘शांत राहा’ असे फलक जागोजागी आहेत. उठल्याच तर हात झटकू नका. तोंड आणि मान ओढणीने झाका आणि सिंहाच्या चौथऱ्याजवळच्या जाळीच्या आडोशात शिरा. मधमाशीच्या डंखाची अॅलर्जी ज्यांना आहे त्यांनी चढूच नये. दार उघडताच चढायला लागलात तर ऊनही टळते आणि जिन्यांवरची रांगही.

बुद्धमूर्तीकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढणे श्रीलंकेत अपमानाचे मानतात. दंबुल्लाच्या लेण्यांत, कँडीच्या दंतमंदिरात हे विशेष पाळा.

प्रश्न : मुलगा जपानला आहे. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावरची समुद्रातली कमान बघायची आहे. काहींना ती पाण्यात दिसली, काहींना चिखलात. असे का? – वाचक, रत्नागिरी

भरती-ओहोटीमुळे, आणि रत्नागिरीकराला हे सांगणे सोपे आहे. इत्सुकुशिमा देवस्थानाची ही सुमारे १६.६ मीटर उंच लाकडी कमान किनाऱ्याच्या वाळूवर स्वतःच्या वजनावर उभी आहे, तिचे खांब खोल पुरलेले नाहीत. पाण्याची पातळी २५० सेंटिमीटरच्या वर गेली की कमान आणि देवस्थान दोन्ही तरंगल्यासारखे दिसतात. ती १०० सेंटिमीटरच्या खाली आली की कमानीच्या बुंध्यापर्यंत चालत जाता येते. त्या दिवसाचे भरतीचे कोष्टक मियाजिमाच्या पर्यटन संघटनेच्या संकेतस्थळावर मिळते.

पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला दोन्ही टोके एकाच दिवसात दिसतात, मधे साधारण सहा तासांचे अंतर. अष्टमीच्या भांगाच्या दिवसांत पाणी फारसे वरही जात नाही आणि उतरतही नाही. तेव्हा जाणारे नाराज होतात. म्हणून मुलाला सुट्टी मागताना तिथी पाहायला सांगा. भरती सकाळी असेल तर पहिल्या फेऱ्यांपैकी एका बोटीने जा. मियाजिमागुचीहून दहा मिनिटे लागतात आणि तिकिटाबरोबर १०० येन पर्यटक कर घेतात. मधल्या तासांत रोपवेने मिसेन डोंगरावर जाऊन या. रोपवेचे वरचे स्थानक म्हणजे शिखर नव्हे, तिथून माथ्यापर्यंत अर्धा तास चढउतार आहे. रोपवेची परतीची शेवटची फेरी किती वाजता आहे ते चढण्यापूर्वीच विचारा. ओहोटीला कमानीखाली जाणार असाल तर चिखलात चालेल अशी रबरी चप्पल पिशवीत ठेवा. हरणांना काही खायला देऊ नका आणि हातातले नकाशे, तिकिटे खिशात ठेवा. ती कागद खातात.